ईस्टरनंतरचा दुसरा शनिवार

जेनोआ, २४ मार्च

मिर्तो,

तुझी चिठ्ठी मिळून महिना झाला. तीनच ओळी असल्यामुळे ती पाठ झाली आहे. 'ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा वाजता, आईला बाहेर काढतोय. स्टामाटिया मावशीच्या गावीच. कळवायला हवं म्हणून कळवते.'

लग्नाच्या पहिल्या वर्षी तुझ्या आईनं मला हा प्रकार सांगितला होता, तेव्हा मी हसलो होतो. गावची दफनभूमी डोंगराच्या कडेला, अंगणाएवढी. म्हणून पाच वर्षांनी माणसाला मातीतून काढायचं, हाडं वाइननं धुवायची, पेटीत ठेवायची आणि जागा पुढच्याला द्यायची. धुवायला घरची माणसं हवीत. हाडं स्वच्छ निघाली तर माणूस सुटलं. नाही निघाली, तर त्याचं कुणाकडं तरी काही अडकलंय म्हणतात आणि परत पुरतात. एवान्थियाला हसणं आवडलं नव्हतं. 'तुमच्याकडं काय करतात?' म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडं विसरतात.

मातीला मी आलो नव्हतो. या वेळी येईन. ईस्टर ३१ मार्चला, म्हणजे तुझा शनिवार १३ एप्रिलचा. वीस दिवस हाताशी आहेत.

विमानानं तीन तासांत पोचता येतं हे मला माहीत आहे. मी जमिनीवरून येतोय, पाठीवर सॅक टाकून, कॉलेजची पोरं हिंडतात तसा. पेन्शनीत तेवढंच बसतं. शिवाय चौथीच्या वर्गात भिंतीवर युरोपचा नकाशा होता. छत गळायचं, त्यानं नकाशाचा खालचा भाग तपकिरी झाला होता. कितीतरी वर्षं मला इटली हा तपकिरी देश वाटायचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बघितला. हिरवा आहे.

इथं आठ जणांच्या खोलीत मला खालचा पलंग मिळाला. वरच्या पलंगावर आस्टा नावाची डेन्मार्कची मुलगी होती. तिनं माझी सॅक उचलून बघितली.

"आजोबा, आत काय इस्त्री ठेवलीय?"

"बूट आहेत."

"मग पायात आहेत ते काय?"

काळे बूट आणि काळा सूट कशासाठी ते मी तिला सांगितलं नाही. तिनं पंधरा मिनिटांत माझी छत्री, दुसरा टॉवेल आणि दोन स्वेटर बाहेर काढले. मग शाळेतलं कवितांचं पुस्तक हातात घेतलं.

"हे?"

"ते राहू दे. तोंडपाठ आहे मला सगळं."

"तोंडपाठ आहे तर ओझं कशाला?"

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक फळी असते. जाणारी मंडळी उरलेलं मीठ, शेवया, अर्धी तेलाची बाटली तिथं ठेवून जातात, येणारी घेतात. पुस्तक मिठाशेजारी ठेवलं. संध्याकाळी बघितलं तर मीठ गेलं होतं.

बारीला पोचल्यावर बंदरामागच्या हॉस्टेलात उतरेन. पत्ता पाकिटावर लिहितो. फोन घरीच ठेवला आहे. तू उचलत नाहीस आणि मी करत नाही.

तुझा बाबा

नेपल्स, १ एप्रिल

मिर्तो,

काल ईस्टर झाला. स्वस्तातल्या गाड्या प्रत्येक स्टेशनावर थांबतात. खिडकीतून दिवसभर कुणाची ना कुणाची वाळत घातलेली चादर दिसत राहते. मला ते बरं वाटतं. गेंटला कालव्याच्या दरवाजांवर एकोणचाळीस वर्षं नोकरी केली. बोट आली की दरवाजा उघडायचा, पाणी भरू द्यायचं, ती गेली की लावायचा. जाणाऱ्यांकडे बघायची सवय जुनी आहे. आपण जायची नवी.

हॉस्टेलात कुणीतरी उकडलेली अंडी वाटली, पांढरीच. आपल्याकडे तुझी आई ईस्टरला लाल रंगवायची. मग आपण तिघं अंड्यावर अंडं आपटायचो, आणि माझं नेहमी आधी फुटायचं. तेव्हा मी खिडकीशी उभा राहून वसंतावरची एखादी कविता म्हणत असे. तुझी आई म्हणायची, "झाली? आता कचरा खाली ठेवून ये."

प्रकृती उत्तम. गुडघा दुखतो.

बाबा

बारी, ९ एप्रिल

मिर्तो,

इथं येऊन पाच दिवस झाले. ग्रीसची बोट रोज संध्याकाळी सुटते, सकाळी पलीकडे लागते. तिथून बसनं चार तास. म्हणजे अकरा तारखेला निघालो तरी वेळेत पोचतो. घाई नाही.

हॉस्टेल नुन्त्सिया नावाची बाई चालवते. साठीची, जाडजूड, दिवसभर चादरी घेऊन जिन्यानं वर-खाली करते. तिला मी शेंगा सोलून देतो. आज सुटावर फिरवायला इस्त्री मागितली तर सूट हातात धरून म्हणाली, "लग्न की मयत?"

"दोन्हीच्या मधलं काहीतरी."

सगळं सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं. गेल्या पाच वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. परक्या बाईला सांगायला सोपं जातं. ती म्हणाली, "मग इथं शेंगा काय सोलत बसलात?"

"अजून चार दिवस आहेत."

"आजोबा, बोट रोज जाते. तुम्हीच जात नाही."

दुपारी बंदराच्या कठड्यावर बसतो. दोर सोडताना, बांधताना बघतो. चौथीला एक कविता होती, शिडाच्या बोटीवरची. मास्तर छडीनं ताल धरायचे. तीतल्या दोन ओळी दिवसभर डोक्यात आहेत:

वारा म्हणाला, चल; नांगर म्हणाला, थांब;
मधल्यामध्ये दोर बिचारा होत राहिला लांब.

तेव्हा आम्ही मुलं 'लांब' म्हणताना हात ताणायचो आणि हसायचो.

बाबा

बारी, १२ एप्रिल

मिर्तो,

कळवण्यास वाईट वाटते की बोटवाल्यांचा संप सुरू झाला आहे. बंदरावर चौकशी केली, कधी मिटेल ते कुणी सांगत नाही. उद्या सकाळी दहापर्यंत पोचणं आता शक्य दिसत नाही. माझ्या वाटची वाइन तू ओत. स्टामाटियाला नमस्कार सांग.

बाबा

बारी, १७ एप्रिल

मिर्तो,

संप एकच दिवस होता, बुधवारी. गुरुवारपासून बोटी रोज जात होत्या. मी कठड्यावरून बघत होतो.

शनिवारी सकाळी मी सूट घातला, काळे बूट घातले आणि दहा वाजता कठड्यावर जाऊन बसलो. काय करावं ते कळत नव्हतं. टोपी काढून मांडीवर ठेवली. नुन्त्सिया चादरींचं गाठोडं घेऊन धोब्याकडे निघाली होती. थांबली.

"कुणी गेलं का?"

"बायको."

"ती तर पाच वर्षांपूर्वी गेली. आणि ती कुठं आहे?"

मी समुद्राकडे हात केला. ती गाठोड्यावर बसली. मग म्हणाली, "झालं असेल ना एव्हाना?"

"झालं असेल."

"मग आता जायला काय हरकत आहे? आता तर करायचं काहीच उरलं नाही. नुसतं जायचं आणि शिव्या खायच्या. तेवढं जमेल की तुम्हाला."

मला ते पटायला चार दिवस लागले. परवाच्या बोटीचं तिकीट काढलं आहे, डेकवरचं. काम आता संपलेलं आहे, मी कशालाही वेळेवर येत नाहीये. तू दार उघडलं नाहीस तर मी समजून घेईन.

आणखी एक सांगायचं आहे. तू विचारलं नव्हतंस, कारण तुला माहीत नाही.

तुझी आई गेंट सोडून गावी गेल्याला चौथं वर्ष होतं. फेब्रुवारीत तिचं मला पत्र आलं. 'फिर्मिन, डॉक्टर म्हणतात फार तर उन्हाळा दिसेल. ये.' एवढंच. मला वाटलं, अशा पत्राला साजेसं उत्तर द्यावं. एकतीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला नुसतं 'येतो' कसं लिहायचं? म्हणून लिहायला बसलो. पहिला मसुदा फार रडका झाला. दुसऱ्यात कविता जास्त झाल्या. मार्च गेला. एप्रिलमध्ये एक चांगला जमला, पण शेवट जमेना. आठ मसुदे झाले. उत्तर लिहायचं होतं म्हणून मी निघालो नाही, मिर्तो. मे महिन्यात तुझा फोन आला, "आई गेली. उद्या माती." मी म्हणालो, आता विमान मिळायचं नाही. तू म्हणालीस, "बघितलंत?"

बघितलं नव्हतं.

हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही. बंदरावरच्या पेटीत टाकतो.

बाबा

बोटीवर, १९ एप्रिल

मिर्तो,

हे पत्र तुला मीच हातात देईन, असं दिसतं. किंवा देणार नाही.

डेकवर वाऱ्याच्या आडोशाला पागोना नावाची बाई बसली होती. तुमच्याच डोंगराकडची, इटलीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करते, सुटीवर घरी निघाली होती. मी फळीवरून उचललेला चीजचा तुकडा पुढं केला.

"नको आजोबा, उपास आहे."

"कसला?"

"कसला म्हणजे? मोठा उपास. ईस्टर व्हायचाय ना अजून."

"ईस्टर झाला. एकतीस मार्चला."

"तुमचा झाला असेल," ती ऑलिव्हची बी समुद्रात टाकत म्हणाली. "आमचा मे महिन्यात, पाच तारखेला. कुठल्या देशात राहता तुम्ही?"

मी तिला परत विचारलं. तिनं मोबाइलवर तारीख काढून दाखवली. पाच मे. त्यानंतरचा दुसरा शनिवार अठरा मे. म्हणजे तुझ्या आईला अजून कुणी हात लावलेला नाही. मी चार आठवडे लवकर आहे.

नंतर मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. एकतीस वर्षं आपल्या घरात अंडी लाल व्हायची ती आमच्या ईस्टरला, कारण शाळेला सुटी तेव्हा असायची. तिचा ईस्टर कधी, हे मी कधी विचारलं नाही. काही वर्षं दोन्ही एका दिवशीही आले असतील. पण पागोना म्हणाली, त्यांच्याकडं ईस्टरच्या आदल्या रात्री दिवे मालवून मेणबत्त्या लावतात. वसंतात एखाद्या शनिवारी ती स्वयंपाकघरातला दिवा मालवायची आणि मेणबत्ती घेऊन खिडकीशी उभी राहायची. मी बाहेरच्या खोलीतून विचारायचो, "वीज गेली का?" ती म्हणायची, "नाही."

मला वाटायचं, वडिलांची आठवण येत असेल.

बाबा

गाव, २८ एप्रिल

मिर्तो,

तू काल संध्याकाळी शहरात, यानिनाला परत गेलीस. बोलायचं होतं ते राहिलं, म्हणून लिहितो.

मागच्या शनिवारी मी आलो तेव्हा स्टामाटिया ओसरीत पालेभाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा लवकर आलास." तू आतून आलीस. हातात फडकं होतं. तुला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तू म्हणालीस, जेनोआचं पत्र मिळालं तेव्हाच मला कळलं, तुमची तारीख चुकलीय.

"मग कळवलं का नाहीस?" मी विचारलं. "बारीचा पत्ता होता."

"बघायचं होतं. तारीख गेल्यावर तरी येता का."

आणि मग विचारलंस, "कधी कळलं तुम्हाला? बोटीवर चढायच्या आधी की चढल्यावर?"

मी म्हणालो, चढल्यावर. तू माझ्याकडे बघत राहिलीस, जसं तुझ्या औषधाच्या दुकानात कुणी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागितल्यावर बघत असशील. मग आत गेलीस. बोटीवर लिहिलेलं पत्र खिशात होतं. ते पुढं केलं नाही. खिशातलं पत्र माणूस केव्हाही लिहू शकतो.

काल तू माझं बारा एप्रिलचं पत्र घेऊन आलीस. टपाल माझ्यापेक्षा हळू चालतं हे मला नवीन होतं. जेवणाच्या टेबलावर तू ते मावशीला मोठ्यानं वाचून दाखवलंस, एकेक ओळ ग्रीकमध्ये करून सांगत. 'कळवण्यास वाईट वाटते.' मी बीन्सच्या ताटलीकडे बघत होतो.

स्टामाटिया म्हणाली, "संप? शेजारच्या लुकासचा पोरगा आला की त्याच आठवड्यात, त्याच बोटीनं."

"हो," तू म्हणालीस.

"मग हा काय करत होता?"

"ते त्यांनी लिहिलेलं नाही."

मग मावशीनं माझ्या ताटात आणखी बीन्स वाढले आणि म्हणाली, "खा. खोटं बोलून भूक लागते."

मिर्तो, लिहिलेलं आहे. सतरा तारखेला बारीच्या बंदरावर टाकलेलं एक पत्र अजून वाटेत आहे. ते मी निघण्याआधीचं आहे. त्यात काय आहे ते आता सांगितलं तर तू म्हणशील, पकडले गेल्यावर सांगताय. त्यामुळे सांगत नाही. ते येईपर्यंत मी इथं आहे. मावशीनं माडीवरची खोली दिली आहे. त्या खोलीचं छत मी शाकारून देतोय. अठराला मी दफनभूमीत उभं राहायचं की खाली कॉफीच्या दुकानात बसायचं, ते तू ठरव. सूट इस्त्री केलेला आहे. जिथं सांगशील तिथं घालून बसेन.

बाबा

गाव, १८ मे

मिर्तो,

आज जे झालं ते तूही बघितलंस. पण आपण वेगवेगळ्या बाजूंना उभे होतो, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो.

मला कुठं थांबायचं ते तू सांगितलं नव्हतंस. साडेनऊला तू गाडीतून उतरलीस, मावशीच्या हातातला वाइनचा डबा घेतलास आणि चढ चढायला लागलीस. मी अंगणात उभा होतो. दहा-बारा पावलांवर जाऊन तू वळलीस. "चादर राहिलीय आत," म्हणालीस. मी चादर घेऊन आलो. त्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला.

खणणारे दोघं होते. थोरल्यानं फावडं टाकून हातानं माती उकरायला घेतली तेव्हा पाद्रीबाबांचं पुटपुटणं थांबलं. तुझ्या मावशीनं मुठी वळल्या होत्या. तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं, कारण माझ्याही तेच होतं. तो माणूस म्हणाला, "स्वच्छ आहे." मग सरळ होऊन पुन्हा म्हणाला, "मेणासारखं पिवळं. सुटली बाई."

स्टामाटियानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिनं कुणावर राग धरला नव्हता. मी धरला होता, तो माझा मला."

पहिल्यांदा डोकं काढतात आणि ते जवळच्याच माणसानं कापडात घ्यायचं असतं, हे मला तिथंच कळलं. ते तूच घेणार होतीस. कापड तुझ्या हातात होतं, आणि बाहीची बटणंही तू उघडली होतीस. तेव्हा तुझी पर्स गवतात उघडी पडली होती आणि आत बारीचा, सतरा तारखेचा शिक्का असलेलं पाकीट होतं. कडेनं नीट फोडलेलं, अनेकदा उघडून-घालून मऊ पडलेलं. कधी आलं ते मी विचारणार नाही.

थोरल्यानं डोकं धरलेले दोन्ही हात खड्ड्यातून वर केले. तू कापड माझ्या हातात दिलंस आणि एक पाऊल मागं गेलीस. एकच. शेजारच्या बायकांना वाटलं असेल, तुला घेरी आली.

वजन फार नव्हतं. रिकाम्या किटलीएवढं. मला वाटलं होतं, अशा वेळी काहीतरी आठवेल. दहावीपर्यंतच्या सगळ्या कविता मला येतात. काही आठवलं नाही. मी वाइनमध्ये हात बुडवून कपाळावरची माती काढत होतो, तर मावशी म्हणाली, "घास जरा. बशी विसळतोयस का?" मग मी घासलं. कानामागं माती होती, तिथं बोटानं काढली. तू दुसऱ्या बाजूला हात धुवत होतीस, तिच्या हाताची हाडं. आपण दोघांनी एकाच पातेल्यातली वाइन वापरली.

पेटीवर नाव घालायचं होतं. तू ब्रश घेतलास आणि माझ्याकडे बघून थांबलीस. मी म्हणालो, तिचं माहेरचं घाल, ती इथली आहे. तू दोन्ही घातलीस.

दुपारी मी माडीवर बूट काढत होतो. तू निघालीस तेव्हा जिन्याखाली तुझी पावलं थांबली. तुझी चिठ्ठी इंग्रजीत होती. गेले चार आठवडे तू माझ्याशी इंग्रजीतच बोलतेस, पाहुण्याशी बोलावं तशी, चुका न करता. आज खालून हाक आली ती आपल्या गेंटच्या घरातल्या बोलीत, लहानपणी बोलायचीस त्या हेलात. मी जिन्याच्या तोंडाशी आलो तोवर गाडी सुरू झाली होती. तू म्हणाली होतीस, "बाबा, खालचं दार लावून घ्या. मांजर आत येतं."

लावलं आहे.